चाळीस चेहऱ्यांची ऑर्डर आणि 1,950 डॉलरचा फ्रेमवाला

जास्त रकमेचा चेक पाठवायचा आणि उरलेले पैसे तिसऱ्याच माणसाला द्यायला लावायचे, ही चाल जुनी आहे. ऐकून मलाही माहीत होती. त्यामुळे ‘तुला एवढंही कळलं नाही?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. घरच्यांनी तो पुरेसा विचारून झालाय.

मी अर्कचित्रं काढते, म्हणजे चेहऱ्यातलं वेगळेपण फुगवून काढलेली विनोदी चित्रं. समारंभात माणूस समोर बसवून पाच-सात मिनिटांत चेहरा उतरवायचा, नाहीतर फोटोवरून घरी काम करायचं. ही ऑर्डर दुसऱ्या प्रकारची होती. कुठल्याशा कंपनीचे साहेब निवृत्त होणार, त्यांना भेट म्हणून 40 सहकाऱ्यांची अर्कचित्रं, तीही फ्रेम करून. चेहऱ्यामागे 35 डॉलर, एकूण 1,400, त्यातले निम्मे, म्हणजे 700, आगाऊ. दरात घासाघीस नाही. ओळख कामं मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर झाली, पण लगेच गृहस्थ म्हणाले, ‘पुढचं ईमेलवर बोलू, तुमचं कमिशन वाचेल.’ आता कमिशन वाचलेलं कोणाला नको असतं? या धंद्यात महिनेच्या महिने कोरडे जातात, तेव्हा कोणी येऊन विचारत नाही.

चेक आला 2,650 डॉलरचा. सोबत निरोप: ‘अकाउंट्सवाल्यांनी फ्रेमवाल्याचे पैसे त्यातच घातलेत. तुमचे 700 ठेवा, 1,950 त्याला आजच पाठवा, नाहीतर फ्रेमा वेळेत व्हायच्या नाहीत.’ चेक भरला, रक्कम खात्यात दिसली. तरीही मी काउंटरवर जाऊन विचारलं, हे पैसे वापरता येतील ना? ‘हो, दिसतायत की खात्यात.’ दिसतायत! रक्कम दिसणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. बँक रक्कम आधी दाखवते, चेक ज्या बँकेचा तिच्याकडून नकार नंतर येतो, कधीकधी काही आठवड्यांनी, आणि तो आला की सगळी रक्कम तुमच्या खात्यातून काढून घेतली जाते. म्हणून विचारायचं ते ‘चेक वटला का’ असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पैसे पाठवले. पाठवणावळ 25 डॉलर, ती माझ्याच पदरची.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवलीय ती सांगते. फोटो क्रमांक 9 आणि फोटो क्रमांक 17. एकात चष्मा, दाढी आणि एक नाव. दुसऱ्यात गुळगुळीत हनुवटी आणि दुसरंच नाव. आणि कान तोच! वरची कड किंचित दुमडलेली, पाळी गालाला चिकटलेली. अर्कचित्र काढणारा माणूस नाक-डोळ्यांना फसेल, पण कान त्याच्या हातात बसतो. 17 नंबरचा रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, काढताना पेन्सिल आपोआप वळली, तेव्हा थांबले होते मी. लगेच लिहून विचारलंसुद्धा, हे दोघे एकच आहेत का? उत्तर आलं, ‘जुळे भाऊ आहेत, दोघेही आमच्याकडेच! तुमची नजर कमाल आहे.’ आणि मी खूश झाले. नजरेचं कौतुक करून त्या नजरेवरच पट्टी बांधली त्या माणसाने. मुळात त्या दिवशी खात्यात 700 डॉलर दिसत होते. पैसे दिसत असताना कानावरून भांडण कोण काढतं?

दुसरी गोष्ट नाकाची. गिऱ्हाईक म्हटलं की तक्रार आलीच: साहेबांचं नाक एवढं मोठं नको, मॅडमची दुसरी हनुवटी काढा, टक्कल जरा झाका. विनोदी चित्र मागायचं आणि स्वतःची थट्टा मात्र नको, हा आमचा रोजचा संसार. या गृहस्थांनी एकाही रफवर एक शब्द काढला नाही. सगळे रफ पाच मिनिटांत मंजूर, ‘अप्रतिम’. एकही नाक न खटकणारं गिऱ्हाईक भेटलं तर समजा की त्या चेहऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

22 चेहरे इंकिंग (पेन्सिलीवर शाई), रंग सगळं करून झाले होते तेव्हा चेक परत आला. बँकेने 2,650 काढून घेतले, वर चेक परतीचे 12 डॉलर लावले. हिशेब सांगते: 1,950 अधिक 25 अधिक 12, म्हणजे रोख 1,987 डॉलर गेले. 22 चेहऱ्यांचे 770 वेगळे, ते कुठल्या कागदावर तोटा म्हणूनही लागत नाहीत.

आणि मग सुरू झाली खरी करमणूक. बँक म्हणते, चेक तुम्ही भरलात, पैसे तुम्ही पाठवलेत, आमचा संबंध नाही. पण 12 डॉलर कापताना संबंध होता! ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेचं म्हणणं, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं पत्र आणा. संकेतस्थळ म्हणतं, व्यवहार आमच्याबाहेर झाला. खातं मात्र त्यांनीच उघडू दिलं होतं, बिनओळखीचं. पोलीस ठाण्यात साहेबांना ‘अर्कचित्र’ समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी ते हसून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही चित्रकार ना? मग त्याचं चित्रच काढून द्या, शोधतो.’ शेजारचे दोघेही हसले. ज्याला मी कधी पाहिलाच नाही, त्याचं! फ्रान्सच्या राजाचं व्यंगचित्र काढलं म्हणून ओनोरे दोमिए 1832 मध्ये तुरुंगात गेला. चित्रावरून तुरुंग कसा भरायचा हे तेव्हाच्या पोलिसांना बरोबर जमत होतं. माझी तक्रार ‘स्वेच्छेने केलेला व्यवहार’ अशी नोंदवली गेली. स्वेच्छेने!

तिसऱ्याला पैसे पाठवायला सांगितलं की तिथेच उठायचं, कारण कितीही गोड असो. फ्रेमवाला, छपाईवाला, कुरियरवाला, सगळे एकच. पूर्ण पैसे हातात येईपर्यंत मोठ्या आकाराची फाइल द्यायची नाही. छोटी प्रत, मधोमध वॉटरमार्क, म्हणजे आपल्या नावाचा पुसट ठसा. मी 22 चित्रं छपाईच्या आकारात दिली, तो मागत होता म्हणून. त्यांचा कॉपीराइट अजून माझाच आहे, तो काढल्याक्षणी आपोआप मिळतो. पण ती चित्रं कुठे वापरली तर दावा कोणावर लावू? व्हिडिओ कॉल मागा. ईमेल पुसू नका, संतापाच्या भरातसुद्धा.

आणि एक. फसलेल्यांची नावं पुढे विकली जातात की काय कोण जाणे, पण मला आता एका ‘वसुली तज्ज्ञा’चा निरोप आलाय. माझे 1,950 डॉलर त्याला सापडलेत म्हणे, सोडवून आणायची फी 195, आगाऊ. रक्कम अगदी अचूक. असा निरोप आला तर उत्तर देऊ नका, फक्त जपून ठेवा. मी त्याची छापील प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. ही वेगळी तक्रार आहे, म्हणाले, पलीकडच्या खिडकीवर द्या. पलीकडची खिडकी बंद होती.