लोकल फायबरचा 'इन्स्टॉलेशन चार्ज': काय पटतं, काय नाही

गल्लीतल्या केबलवाल्याकडून फायबर इंटरनेट घेताना महिन्याच्या प्लॅनचा दर सगळे विचारतात. सुरुवातीला एकदाच द्यायच्या रकमेत काय काय घातलंय, हे मात्र तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. हे परीक्षण त्या रकमेचं.

वायरचे आणि वायरमनच्या मजुरीचे पैसे रास्त आहेत. खांबावरच्या पेटीतल्या स्प्लिटरपासून (एका फायबरचा उजेड अनेक घरांत वाटणारा भाग) घरापर्यंत ड्रॉप वायर, म्हणजे तुमच्या घरची फायबर, ओढावी लागते. रस्ता ओलांडायचा किंवा गच्चीवरून फिरवायची म्हटलं की मीटर वाढणारच. किती मीटर धरले आहेत आणि त्यापुढचा दर काय, एवढं आधी लिहून घ्यावं.

'ॲक्टिव्हेशन'चे वेगळे पैसे मात्र पटत नाहीत. ऑफिसातल्या ओएलटीवर (सगळ्या घरांची फायबर जोडलेलं मुख्य यंत्र) तुमच्या ओएनयूचा (घरी बसवलेला फायबरचा डबा) सिरियल नंबर (नेटवर्क ईपॉन प्रकारचं असेल तर मॅक, म्हणजे डब्याचा ओळखक्रमांक) नोंदवायचा, व्हीलॅन (नेटवर्कमधली वेगळी वाट) लावायचा, पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड तयार करून प्लॅन जोडायचा. सगळं खुर्चीत बसून, काही मिनिटांत. तीच गोष्ट राउटर बदलल्यावर कनेक्शनला बांधलेला जुना मॅक सोडवण्याची. त्याला 'सर्व्हिस चार्ज' म्हणणं म्हणजे कुलूप आपणच लावून किल्लीचे पैसे मागणं.

सगळ्यात जास्त घोळ ओएनयूचा. तो विकत दिलाय की डिपॉझिटवर, हे पावतीवर हवंच. 1,500 रुपये इन्स्टॉलेशन असेल तर 18 टक्के जीएसटीसह 1,770 होतात; पण परत मिळणारं डिपॉझिट बिलात वळतं केल्याशिवाय त्यावर जीएसटी लागत नाही. डिपॉझिटवरही कर लावला असेल, तर ते परत देण्याचा विचार दिसत नाही. विकत घेत असाल तर एक्सपॉन घ्या, तो जीपॉन आणि ईपॉन या दोन्ही प्रकारच्या फायबर नेटवर्कवर चालतो. फर्मवेअर लॉक (डबा एकाच ऑपरेटरला बांधणारं सॉफ्टवेअर) नाही ना, हेही विचारा. नाहीतर उद्या ऑपरेटर बदलल्यावर डबा शोभेला ठेवावा लागेल. स्वस्त ओएनयूत फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय आणि 100 एमबीपीएसचा लॅन पोर्ट असतो. तिथे 200 एमबीपीएसचा प्लॅन केबल लावूनसुद्धा 95च्या आसपास अडकतो.

'फ्री इन्स्टॉलेशन'मध्ये बहुधा सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात. तीन महिन्यांत घर बदललं तर उरलेल्या महिन्यांचं काय, हे तेव्हाच ठरवून घ्या.

पैसे देण्याआधी वायरमनला पॉवर मीटर (येणारा उजेड मोजणारं यंत्र) लावायला सांगा, 1490 नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी). उणे 15 ते उणे 24 डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी) दिसलं तर निवांत. नेहमीच्या बी प्लस दर्जाच्या ऑप्टिक्सवर (उजेड पाठवणारे-घेणारे भाग) ओएनयूची मर्यादा उणे 27 असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी उणे 26 असेल तर पावसाळा निघणार नाही. एकामागे एक 1:8चे (एकाचे आठ करणारे) दोन स्प्लिटर असले की 28 डीबीच्या बजेटमधले (वाटेत एवढीच घट चालते) 21 तिथेच जातात. उरलेल्या सातात फायबर, सांधे, कनेक्टर सगळं बसवायचं. म्हणून टोकाला घाईत दाबलेल्या फास्ट कनेक्टरपेक्षा मशीनने केलेला स्प्लाइस (फायबर वितळवून केलेला सांधा) बरा. त्यासाठी थोडे जास्त मागितले तर द्यावेत. हिरवा (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्यात (सरळ टोकाच्या) खुपसला असेल तर रीडिंग तिथेच घसरतं.

पुढे नेट गेलं तर 'व्हिजिट चार्ज' देण्याआधी दिवे बघा. एलओएस (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल असेल तर उजेडच येत नाही: वायर तुटली, वाकली किंवा कनेक्टर सुटला, माणूस यावाच लागेल. एलओएस विझलेला आणि पॉनचा (ओएलटीशी जोडणी दाखवणारा) दिवा लुकलुकत असेल, तर उजेड येतोय पण ओएलटीने ओळखलेलं नाही. आधी ऑफिसात नोंदणी तपासायला लावा, त्यासाठी कोणी घरी येण्याची गरज नाही.

कनेक्शन बंद करताना ओएनयू परत दिल्याची पावती सिरियल नंबरसकट घ्या. वायरमनच्या फोनवर पाठवलेला फोटो ही पावती नव्हे.