दिवाळसणासाठी घेतलेले इनलाइन रीळ आणि झालेली फसवणूक

गेल्या वर्षी जावयांच्या पहिल्या दिवाळसणाला भेट द्यावी म्हणून मी मोबाइलवरील एका जाहिरातीवरून मासेमारीचे रीळ (काठीवर बसणारे, गळाची दोरी गुंडाळण्याचे यंत्र) मागवले आणि त्यात ३,९५० रुपयांना फसलो. एवढ्यावरच भागले असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. परंतु माझ्या शब्दावर विसंबून माझ्या एका मित्राने त्याच विक्रेत्याकडे पैसे भरले आणि त्याचे नुकसान माझ्या जवळजवळ तिप्पट झाले. म्हणून हा प्रकार कसा घडला आणि मी कोणकोणत्या ठिकाणी थांबायला हवे होते, ते तपशिलाने लिहीत आहे.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात. तेथील तळी डिसेंबरच्या सुमारास गोठतात आणि बर्फ पुरेसा जाड झाला की लोक त्यावर चालत जाऊन, गिरमिटाने भोक पाडून, दोन-तीन फुटांच्या लहान काठीने मासे धरतात. पायी जाण्यासाठी नवा, स्वच्छ बर्फ किमान ४ इंच जाड असावा असे तेथील सरकारी खाते सांगते. जावयांना सहकाऱ्यांच्या संगतीने हा नाद लागला. दिवाळीला ते सोलापूरला येणार होते, तेव्हा काय द्यावे असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, “अप्पा, अंगठी वगैरे काही नको. त्यांच्या मनात एक इनलाइन रीळ आहे, पण महाग घ्यायचे नाही म्हणून थांबलेत. ते इथेच मिळेल, तुम्ही त्या भानगडीत पडू नका.” मी पडलो, कारण पाडव्याच्या दिवशी पाटावर बसलेल्या जावयांच्या हातात वस्तूच पडली पाहिजे, असा माझा हट्ट होता.

इनलाइन रीळ म्हणजे काय हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण माझे सारे आयुष्य सुतात गेले आहे. मी सत्तावीस वर्षे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, होतो आणि आता अक्कलकोट रोडला माझे स्वतःचे सहा माग आहेत. सूत गुंडाळलेला शंकूसारखा कोन उभा केला की तो जागेवर स्थिर असतो आणि सूत त्याच्या टोकावरून ओढले जाते, तेव्हा सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यागणिक सुताला एक पीळ पडतो किंवा असलेला एक पीळ उतरतो. बीमचे, म्हणजे मागाला लावायच्या सुताच्या मोठ्या रुळाचे, तसे नसते. बीम स्वतः फिरतो, सूत सरळ उलगडत येते आणि त्याच्या पिळात फरक पडत नाही. मासेमारीच्या नेहमीच्या स्पिनिंग रिळात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची बारीक दोरी, स्थिर फिरकीभोवती वेढले जाते, म्हणजे कोनासारखी तऱ्हा. इनलाइन रिळात फिरकीच काठीच्या रेषेत फिरते आणि तंगूस सरळ खाली जाते, म्हणजे बीमसारखी तऱ्हा. बर्फाखाली ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे लहान मासे धरताना गळाला बांधलेले आमिष अर्ध्या ग्रॅमइतके हलकेही असते आणि ते पाण्यात नुसते लोंबत ठेवावे लागते. तंगुसात पीळ भरलेला असेल तर ते आमिष जागच्या जागी भिंगरीसारखे फिरू लागते आणि जवळ आलेला मासा तोंड न लावता निघून जातो. एवढ्या एका गोष्टीसाठी ते लोक वेगळे रीळ वापरतात.

हे सगळे मला कळत होते आणि तरीही मी फसलो, याचेच मला अधिक वाईट वाटते.

आधी मी बाजारात चौकशी केली होती. जाळी, गळ आणि तंगूस विकणाऱ्या एका दुकानदाराने मला प्रामाणिकपणे सांगितले की हिप्परग्याच्या तलावावर किंवा उजनीच्या पाण्यावर जाणारे लोक जे नेतात तेच तो ठेवतो आणि असले रीळ त्याने कधी विकलेले नाही. त्यानंतर दोन दिवस मी मोबाइलवर शोध घेत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी जाहिरात आपण होऊन समोर आली. छायाचित्र उत्तम होते. ७,९९९ रुपये खोडून ३,२०० लिहिले होते. नऊ बेअरिंग, धातूची फिरकी, ब्रेक कमी-जास्त करण्याचे चाक आणि बोटाने दाबताच तंगूस आपोआप खाली सोडणारा खटका, असे वर्णन होते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. अमेरिकेत बऱ्यापैकी इनलाइन रीळ साधारण ३० ते ५० डॉलरांत मिळते, म्हणजे विक्रेत्याने सांगितलेली रक्कम खऱ्या वस्तूच्या किमतीच्या आसपासच होती. फसवणारा नेहमी कवडीमोल भाव सांगतो हा माझा समज होता आणि त्यामुळेच मी निर्धास्त राहिलो. जी वस्तू आपल्या गावात कोणी पाहिलेली नाही, तिच्या बाबतीत भावावरून खरे-खोटे ओळखता येत नाही.

संदेशातून बोलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. माल परदेशातून आणलेला असल्यामुळे पैसे आगाऊ द्यावे लागतील असे त्याने सांगितले. पैसे ज्या खात्यावर गेले त्यावर दुकानाचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे नाव होते. ते मी पाहिले, आणि दुकानाच्या मालकाचे असेल असे स्वतःच ठरवून टाकले. चार दिवसांनी त्याने कस्टम ड्यूटी म्हणून आणखी ७५० रुपये मागितले आणि माल मिळाल्यावर ते परत करण्याचे कबूल केले. दिवाळी जवळ आली होती, म्हणून मी तेही दिले. बाराव्या दिवशी पार्सल आले. त्यावरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचे गाव आपल्याच देशातले होते. देशातल्या देशात आलेल्या पार्सलावर ग्राहकाकडून वेगळी कस्टम ड्यूटी घेण्याचा प्रश्नच येत नाही आणि असे शुल्क कोणाच्या खासगी खात्यात तर कधीच भरायचे नसते, हे मला त्या चिठ्ठीवरून तेव्हाच समजायला हवे होते. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत नव्हती, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नव्हता आणि वस्तू कोणत्या देशात बनली याचाही उल्लेख नव्हता. कायद्याने या सर्व गोष्टी वेष्टनावर असाव्या लागतात. मी खोके उघडले, मूठ फिरवली, फिरकी हवेत गरगर फिरली आणि मी समाधानाने ते भेटीच्या कागदात गुंडाळून ठेवले. सुताचा एक तुकडा बांधून, खाली वजन लटकवून पाहण्याचे मला सुचले नाही. कारखान्यात नवी बॉबीनसुद्धा मी तशी पारखल्याशिवाय घेत नाही.

पाडव्याला जावयांनी ते हातात घेतले, खटका दोन-तीनदा दाबला आणि म्हणाले, “मामा, छान आहे. एवढे कशाला केलेत?” त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळले नाही. सासऱ्याने हौसेने दिलेली वस्तू सणाच्या दिवशी नावे ठेवून परत कशी करावी, ही त्यांची भीड मी समजू शकतो. त्यांच्या जागी मीही तेच केले असते. पण त्या भिडेमुळे माल बदलून मागण्याचे दिवस निघून गेले. शिवाय मी तो विक्रेता खात्रीचा आहे असे चार लोकांना सांगत सुटलो.

त्यांपैकी एक माझा जुना मित्र. त्याला काठी घेऊन उजनीच्या काठावर बसण्याची आवड आहे. डिसेंबरच्या अखेरीस त्याने त्याच विक्रेत्याकडे काठी आणि स्पिनिंग रीळ मिळून ६,५०० रुपये भरले. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असताना मी मुलीला फोनवर आनंदाने ही बातमी सांगितली, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली आणि मग तिने खरे काय ते सांगितले.

जावयांनी ते रीळ एकदा बर्फावर नेले होते. खटका दाबल्यावर फिरकी सुटत नव्हती, म्हणून तंगूस हाताने ओढून खाली सोडावे लागत होते. अगदी हलक्या आमिषाला चांगल्या रिळातही थोडे हाताने ओढावे लागते, तो दोष म्हणता येणार नाही. परंतु येथे खटक्याच्या मागे काही यंत्रणाच नव्हती, ते नुसते बाहेरून बसवलेले प्लॅस्टिक होते. ब्रेकचे चाक दोन्ही बाजूंना मोकळे फिरत होते आणि त्याचा काही परिणाम होत नव्हता. बर्फावर वापरतात त्या तंगुसाची ताकद एक ते दोन किलोचीच असते. मासा जोराने पळाला तर ब्रेकने थोडे थोडे तंगूस सोडलेच पाहिजे, नाहीतर ते तुटते. ते तुटले. थंडीत आतले ग्रीस इतके घट्ट झाले की मूठ फिरेना. त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर रीळ उघडले. नऊ बेअरिंगांच्या जागी एकच निघाले आणि बाकी ठिकाणी प्लॅस्टिकचे बुश होते. बेअरिंगांची संख्या सांगून गिऱ्हाईक पटवणे हीच मुळात फसवी गोष्ट आहे, असे आता मला वाटते. हळू फिरणाऱ्या या रिळाला दोन-तीन चांगली बेअरिंगे पुरतात. फिरकी डगमगत नाही ना आणि ब्रेक न अडखळता सुटतो ना, हे अधिक महत्त्वाचे.

मी त्याच दिवशी मित्राकडे गेलो. त्याचा माल आलेलाच नव्हता. त्याने पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने एक क्यूआर कोड पाठवला होता आणि परताव्यासाठी तो स्कॅन करून पिन टाका असे सांगितले होते. मित्राने तसे केले आणि त्याच्या खात्यातून आणखी ४,९०० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी लागतो. हे मला माहीत होते, त्याला नव्हते. आणि तो माणूस खात्रीचा आहे असे मी सांगितले असल्यामुळे त्याने मला विचारलेही नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्या ठिकाणी पहिला प्रश्न पैसे केव्हा गेले हाच होता. पैसे जाऊन फार वेळ झाला नसेल तर ते पुढच्या खात्यात अडवून ठेवता येण्याची शक्यता असते. मित्राचे शेवटचे ४,९०० रुपये जाऊन तीनच दिवस झाले होते, माझे पैसे जाऊन तीन महिने होत आले होते. म्हणून ज्या क्षणी शंका येईल त्याच क्षणी फोन करावा, घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नये. वस्तू मिळाली पण निकृष्ट निघाली, अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ताच नसेल तर नोटीस कोणाच्या नावाने काढायची, हा प्रश्न उरतो. माझी तक्रार सध्या तेथेच अडलेली आहे. पैसे देण्यापूर्वी पावती, पत्ता आणि जीएसटी क्रमांक मागितला असता तर ही वेळ आली नसती, आणि कदाचित तो मागताच विक्रेता नाहीसा झाला असता.

जावयांनी नंतर तेथेच एक माफक किमतीचे रीळ घेतले. ते घेताना त्यांनी दुकानात काय पाहिले ते मी मुद्दाम विचारून घेतले. त्यांनी तंगुसाला लहान वजन बांधून खटका दाबला आणि फिरकी एकसारखी सुटते का ते पाहिले. त्या वेळी अंगठा हलकेच फिरकीवर ठेवावा लागतो, नाहीतर वजन तळाला टेकल्यावरही फिरकी फिरत राहते आणि गुंता होतो. मग ब्रेक थोडा आवळून तंगूस हाताने सावकाश ओढले. झटके न बसता ते सुटले पाहिजे आणि चाक जितके फिरवावे तितकाच फरक पडला पाहिजे. मूठ डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसते का आणि काठीवर बसणारा पाया धातूचा आहे का, हेही त्यांनी तपासले. घरी आणल्यावर रीळ एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी फिरवून पाहिले. यांपैकी एकही परीक्षा अशी नाही की जी मला सोलापुरात, माझ्या घरात, एक सूत आणि एक नट घेऊन करता आली नसती.

मुलीने ते खोटे रीळ मला परत पाठवले, कारण तक्रारीसाठी पुरावा म्हणून ते लागणार आहे. सध्या ते खोक्यासह आणि कुरिअरच्या चिठ्ठीसह माझ्या कारखान्यात टेबलावर आहे. मित्राच्या ११,४०० पैकी निम्मे मी देतो म्हटले, पण तो घ्यायला तयार नाही. त्याऐवजी त्याने मला एवढेच सांगितले की कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते रीळ द्यायचे, त्याला खटका दाबून पाहू द्यायचा आणि त्याची किंमत किती दिली ते सांगायचे. मी तसे करतो.