वऱ्हाडातला 'ऱ्' शाबूत ठेवणारी लायब्ररी : रेस्व्हीजी-जेएसचे नऊ महिने

तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छांची चित्रं झटपट काढायला म्हणून रेस्व्हीजी-जेएस ही लायब्ररी, म्हणजे संगणकावर लिहिलेल्या साच्याचं चित्र करून देणारा तयार कोड, बसवली होती. आता लग्नसराईचा शेवटचा मुहूर्तही उरकला. दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, आमचं फ्लेक्स अन् पत्रिकांचं दुकान आहे. काका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसतात. मी एसव्हीजीचे (रेघा-अक्षरांचं वर्णन लिहिलेली, कितीही मोठी करता येणारी चित्रफाइल) साचे करून ठेवतो, त्यात नावं-तारखा भरतो आणि नोडवर (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) त्यांची पीएनजी, म्हणजे साधी पिक्सेलची चित्रफाइल, काढतो. गिऱ्हाइकाला एसव्हीजी पाठवून उपयोग नाही, त्याला मोबाइलवर उघडेल असा 'फोटो' पाहिजे. या नऊ महिन्यांत हजारेक पत्रिका तरी निघाल्या असतील.

आधी काय करत होतो तेही सांगतो, म्हणजे इकडे का आलो ते समजेल. पहिल्यांदा ब्राउझरचाच रस्ता धरला : एसव्हीजी इमेज म्हणून उघडायची, कॅनव्हासवर (ब्राउझरातली चित्र रंगवायची जागा) उतरवायची, तिथून पीएनजी. यात एक गोम आहे. एसव्हीजी इमेज म्हणून उघडली की ब्राउझर बाहेरची कुठलीच फाइल आत घेत नाही. पानावर लावलेला सुंदर फॉन्ट चित्रात येतच नाही, तो फाइलच्या आतच भरावा लागतो. शिवाय जुन्या आयफोनवर कॅनव्हासला सुमारे १ कोटी ६७ लाख पिक्सेलची मर्यादा. दहा बाय सहा फुटाचा फ्लेक्स ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) काढला तरी ८६४० बाय ५१८४ होतो, म्हणजे साडेचार कोटी पिक्सेल. चित्र कोरंच यायचं, आणि चूक कुठे झाली ते कोणी सांगत नसे.

मग पडद्यामागे क्रोम चालवून स्क्रीनशॉट काढायचा विचार केला. पण त्यासाठी आख्खा क्रोम डाउनलोड करायचा, दोनशे एमबीच्या वर, तोही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. दोन रात्री घालवल्या अन् नाद सोडला.

रेस्व्हीजी-जेएसचा गाभा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला आहे, वर जावास्क्रिप्टचं वेष्टण. तिला ब्राउझर लागत नाही, विंडोजवर कंपायलर लागत नाही, एनपीएम या कोडच्या ऑनलाइन भांडारातून काही एमबी उतरले की काम सुरू. पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच होती : जोडाक्षरं. कुठलंही साधन आलं की मी त्याच्यापुढे एकच ओळ टाकतो, 'वऱ्हाडी मंडळी, सोयऱ्याधायऱ्यांसह, ज्येष्ठ कृष्ण द्वितीया, स्वागतोत्सुक'. काही साधनं 'द्वि'ची वेलांटी भलतीकडेच टाकतात, काही 'ष्ठ' फोडून पायमोडकं करून ठेवतात. इथे पहिल्याच फटक्यात सगळी ओळ नीट आली. अक्षरं जुळवायला आत हार्फबझ या लायब्ररीचाच रस्टमधला अवतार आहे, त्याची ही करामत. फॉन्ट मी टिरो देवनागरी मराठी लावला. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा 'ल' पाहिला की काका आजही नाक मुरडतात.

तरी एका पत्रिकेत 'वर्हाडी मंडळी' छापून गेलंच, रफार डोक्यावर घेऊन. लायब्ररीला चार शिव्या घातल्या, मग सापडलं की पाप माझंच. मोबाइलवरून येणाऱ्या मजकुरात अदृश्य कचरा असतो म्हणून मी सगळी शून्य रुंदीची चिन्हं पुसून टाकणारी एक ओळ लिहिली होती. 'ऱ्ह' पुष्कळदा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा तीन तुकड्यांत टाइप झालेला असतो. जोडक पुसला की उरतो रफार. आता जोडक सोडून बाकीची चिन्हं पुसतो.

दुसरा किस्सा याहून वाईट. या लायब्ररीची पार्श्वभूमी मुळात पारदर्शक असते, रंग आपणच द्यायचा. एका साच्यात मी तो द्यायला विसरलो. माझ्या स्क्रीनवर पांढरंच दिसत होतं. फॉरवर्ड होता होता चित्राची जेपीजी झाली आणि पारदर्शक जागा काळी पडली. सकाळी सातला नवरदेवाच्या मामाचा फोन, "काहो भाऊ, लग्नाची पत्रिका बनवली का तेरवीची?" काय बोलणार! दोन मिनिटांत नवी पाठवली, पण तोवर काळी पत्रिका अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत पोचली होती. तेव्हापासून प्रत्येक साच्यात सगळ्यात खाली एक पांढरा चौकोन पक्का.

वेगाबद्दल थोडं. सुरुवातीला एका पत्रिकेला पाच-सहा सेकंद लागत. लायब्ररी सुरू होताना मशीनवरचे सगळे फॉन्ट वाचत बसते, आणि आमच्या मशीनवर ते अकराशेच्या वर आहेत. सिस्टीमचे फॉन्ट वाचणं बंद केलं, लागणाऱ्या चार फाइलींचे पत्ते हाती दिले, आता अर्ध्या सेकंदाच्या आत निघते. मात्र फॉन्टचं नाव चुकलं अन् दुसराही जवळ नसला, तर मजकूर गायबच होतो. आणि एसव्हीजीच्या आत बेस-६४ करून (मजकुरात बदलून) कोंबलेला फॉन्ट ती वाचत नाही, त्याची फाइल वेगळी द्यावी लागते.

ओळ आपोआप मोडत नाही, याचा मात्र खरोखर ताप आहे. एसव्हीजीत फॉरेन-ऑब्जेक्ट नावाचा टॅग टाकून आत एचटीएमएल लिहायची युक्ती ब्राउझरात चालते, इथे नाही. आमच्याकडे 'स्वागतोत्सुक'खाली तीस-चाळीस नावं सहज असतात, आणि एकही गाळलं तर भाऊबंदकी. शेवटी असं केलं : नावं एकेक जोडत जायचं, ओळीची रुंदी लायब्ररीलाच विचारायची, चौकटीबाहेर गेली की शेवटचं नाव खालच्या ओळीत. रुंदी ती नेमकी सांगते. हे लिहायला एक आठवडा गेला. नावात नुसतं '&' आलं की एक्सएमएल (एसव्हीजी ज्या पद्धतीनं लिहितात ती) मोडतं, तेही त्यातच कळलं.

छपाईला देताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पाच बाय सात इंचाची पत्रिका ३०० डीपीआयला १५०० बाय २१०० पिक्सेल. रुंदी १५०० सांगितली की साचा कितीही लहान असो, रेघा धारदारच येतात. पण ही लायब्ररी काढते त्या पीएनजीत इंचांची नोंद नसते, त्यामुळे प्रेसवाल्याच्या स्क्रीनवर पत्रिका पोस्टरएवढी उघडते. ती नोंद घालायला, आणि जेपीजी करायलाही, शार्प नावाची दुसरी लायब्ररी लावली. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) तर पीएनजीत नसतंच, म्हणून ऑफसेटला जाणाऱ्या कामाची पीडीएफ अजूनही काकाच काढतात. मोठ्या फ्लेक्सला मेमरी लागते, वर सांगितलेल्या मापाला नुसते पिक्सेलच १७९ एमबी. आमचं ४ जीबीचं मशीन एका वेळी एकच फ्लेक्स झेपवतं.

काकांच्या जुन्या कोरल फाइली कृतिदेवमधल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवलेल्या जुन्या फॉन्टमधल्या. तशाच एसव्हीजी करून दिल्या तर 'श्री'च्या जागी इंग्रजी 'जे' आणि 'एच' उमटतात. आधी कोरलमध्येच अक्षरं कर्व्ह (नुसत्या रेघांच्या आकृत्या) करून घ्यायची, मग कुठलाही फॉन्ट लागत नाही. काकांना हे पटवायला दिवाळी उजाडली.

चालू असलेली आवृत्ती मी तिथेच गोठवली आहे. सगळं फोल्डर अन् चारही फॉन्ट पेनड्राइव्हवर ठेवलेत, तो काकांच्या गल्ल्यात असतो. सध्या दुकानात पेरणीआधीच्या वास्तुपूजनांची कामं आहेत, आणि साच्यात 'वास्तुपूजन' एका ओळीत बसत नाही म्हणून अक्षर दोन पॉइंटनं बारीक करतो आहे.