पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड: मोजपट्टी म्हणून पक्की, प्लँटमध्ये डोकेदुखी

सांडपाण्यातली प्रतिजैविके प्रकाशाच्या मदतीने तोडणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांचा विषय निघाला की गाडी पी-२५ वर येतेच. पूर्वी डेगुसाची, आता इव्होनिकची ही पांढरी पावडर. मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचे आणि एका ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग. अ‍ॅनाटेज आणि रुटाइल या दोन स्फटिकरूपांचे प्रमाण ८०:२० सांगतात, पण नमुन्यागणिक ते थोडे हलते. तरीही नवा उत्प्रेरक केला की तुलनेला हीच घ्यावी.

पावडर अतिशय हलकी, डबा उघडताच उडते. वजन फ्यूम हूडमध्येच करा आणि मास्क लावा, कारण श्वासावाटे जाणारी टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ संभाव्य कर्ककारक मानली जाते. पाण्यात टाकल्यावर गुठळ्या होतात, तेव्हा १० ते १५ मिनिटे सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) ठेवा. लिटरला ०.५ ग्रॅमपासून सुरुवात करावी. १ ग्रॅमच्या बरेच पुढे गेलात तर पाणी दुधासारखे होते, प्रकाश वरच्या थरातच अडतो आणि जास्तीची पावडर फुकट जाते.

दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळायचे. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके पावडरीच्या कणांना चिकटतात, म्हणून पाण्यातले प्रमाण घटते. ही घट विघटनात धरली की निकाल उगाच छान दिसतो. पावडर न घालता नुसत्या प्रकाशातली चाचणीही हवीच, टेट्रासायक्लिन प्रकाशाने आपोआपही तुटते.

अ‍ॅनाटेजला ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के, म्हणून ३६५ नॅनोमीटरचा एलईडी बरा. हवाही सोडत राहा. प्रकाशाने पावडरीत सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने उचलले नाहीत, तर ते परत जागेवर बसतात आणि काम मंदावते.

पीएचकडे दुर्लक्ष महागात पडते. पी-२५ चा पृष्ठभाग साधारण ६.५ च्या आसपास विद्युतभाररहित असतो. आम्लात पावडर आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दोन्ही धन, अल्कलीत दोन्ही ऋण, म्हणजे दोन्हीकडे फटकूनच राहणार. या औषधासाठी ६ ते ८ मध्ये चाचणी घ्या.

डिस्टिल्ड वॉटरमधले सुंदर आलेख खऱ्या सांडपाण्यात टिकत नाहीत. बायकार्बोनेट औषध तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल खातो, फॉस्फेट पृष्ठभागावर ठाण मांडतो, कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्ये प्रकाश अडवतात. कच्च्या सांडपाण्यात ही पावडर टाकण्यात अर्थ नाही. जैविक प्रक्रिया आणि गाळणी झाल्यावर, शेवटच्या टप्प्यातच तिचा उपयोग.

खरी अडचण पावडर परत काढण्याची. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही थोडी निसटू शकते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरची (नमुन्याने शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राची) बेसलाइन वर सरकते. आधी सेंट्रिफ्यूज करा, मग गाळा. प्लँटवर मेम्ब्रेन लावावे लागते, किंवा काचेवर थर द्यावा लागतो. थर दिला की पावडर वाहून जात नाही, पण पाण्याशी भिडणारा पृष्ठभाग घटून वेग पडतो. वापरलेली पावडर धुऊन ४०० अंश सेल्सिअसला भाजता येते. तापमान ६०० च्या पुढे गेले की अ‍ॅनाटेजचे रुटाइल होऊ लागते.

आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे २७६ नॅनोमीटरचे शिखर खाली आले म्हणून ते संपले असे धरू नका. बहुतेकदा आधी त्याच्या रेणूतले पिपेराझिनचे कडे तुटते; जीवाणू मारणारा क्विनोलोनचा गाभा शाबूत राहू शकतो. टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा, आणि प्रक्रिया केलेले पाणी ई. कोलाय जीवाणूंच्या प्लेटवर लावून बघा. भोवती वाढ न झालेले वर्तुळ दिसले, तर दिवा अजून बंद करायचा नाही.