मागच्या चाकाचा खडखडाट आणि गल्लीतले काका

बाबांची जुनी काळी सायकल मी अजून रोज चालवतो, सदाशिव पेठ ते डेक्कन. दिवाळीनंतर मागचं चाक खडखडायला लागलं. एका मोठ्या दुकानात न उघडताच सांगितलं, "हब गेलाय, अख्खं चाक बदला." हब म्हणजे चाकाचा मधला भाग. मला ते अजिबात पटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी टपरीवजा दुकान आहे, तिथल्या काकांकडे सायकल नेली.

काकांनी चाक आडवं हलवून पाहिलं आणि आख बाहेर काढला. दोन्ही बाजूंच्या वाट्यांत पाव इंची छर्रे, 9-9. ग्रीस काळंठिक्कर, बोटांत चोळलं तर कचकच लागत होतं. वाट्या शाबूत होत्या, फक्त एका कोनावर, म्हणजे छर्‍यांना दाबून धरणाऱ्या शंकूसारख्या नटावर, नखाला जाणवेल असा खड्डा पडला होता. "आख फिरतच नाही, तो फ्रेममध्ये गच्च असतो. हब फिरतो, छर्‍यांवरून," काका म्हणाले. बैलगाडीचंही असंच, फक्त तिथे छर्रे नाहीत, नुसतं वंगण.

खरं कसब कोन आवळण्यात. जास्त घट्ट झाला तर चाक जड जातं नि छर्रे झिजतात, सैल राहिला तर चाक डुलतं. काकांनी तीनदा सोडून पुन्हा लावला. शेवटी चाक उचलून सोडलं, तर व्हॉल्व्हच्या वजनानं ते आपोआप हळूच फिरलं, व्हॉल्व्ह खाली आला, चाक थोडं झुललं आणि थांबलं. इतकं हलकं!

नवा कोन, छर्रे, ग्रीस, आऊट काढणं (म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), सगळं मिळून 220 रुपये. दोन दिवस लागले, पावती मिळत नाही. तरी सायकल इथेच द्या.