सातशे रुपयांचा कॉम्पोनंट टेस्टर: अख्खा पावसाळा वापरल्यावर

हा टेस्टर घेतला की बोर्डातला बिघाड आपोआप सापडेल, अशी आशा असेल तर पैसे वाचवा. बिघाड सापडतो डोळ्यांनी, नाकाने आणि साध्या मल्टीमीटरने. ज्या पार्टवर संशय आहे तो बोर्डावरून काढल्यावर टेस्टरचं काम सुरू होतं. पार्ट त्याच्या सॉकेटात अडकवायचा, बटण दाबायचं आणि हा खरंच गेलाय का ते बघायचं. करतो तो एवढंच. पण कंडेन्सरच्या बाबतीत ते इतकं चोख करतो की उन्हाळ्यात घेतल्यापासून तो माझ्या टेबलावरून हललेला नाही.

वस्तू म्हणजे ‘एलसीआर-टी४’ या नावाने ऑनलाइन मिळणारा उघडा बोर्ड. छोटा स्क्रीन, खटका असलेलं चौदा भोकांचं सॉकेट, एक बटण आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची टोपी. मला सातशेच्या आसपास पडला. आराखडा मूळचा जर्मनीतला: मार्कुस फ्रेयेक यांनी सुरू केलेला, कार्ल-हाइन्त्स क्युबेलर यांनी वाढवलेला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. चिनी कारखान्यांनी तो उचलला आणि त्याचे डझनावारी अवतार बाजारात आणले. आत एटीमेगा ३२८ हा कंट्रोलर असतो. तीन टेस्ट-पायांना तो आळीपाळीने ६८० ओहम आणि ४७० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट किंवा ग्राउंड देतो, कुठे किती व्होल्टेज येतंय ते मोजतो आणि त्यावरून समोर काय आहे ते ओळखतो. त्यामुळे पार्ट कसाही उलटसुलट लावला तरी चालतं. ट्रान्झिस्टरचा बेस कुठला, कलेक्टर कुठला हे तोच सांगतो. डेटाशीट शोधायचा कंटाळा असलेल्यांना एवढ्यानेच तो आवडेल.

मला तो आवडला ईएसआरमुळे. ईएसआर म्हणजे कंडेन्सरच्या पोटातला अंगभूत रेझिस्टन्स.

आमच्याकडचा सेट-टॉप बॉक्स चालू व्हायचा, लोगो दाखवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. १२ व्होल्टचा अडॅप्टर बॉक्सपासून काढून मोजला तर मीटर बारा पूर्णांक काहीतरी दाखवतो, म्हणजे अडॅप्टर ठीक. इथेच बहुतेक लोक बॉक्सला दोष देऊन नवा मागवतात. बॉक्स जोडलेला असताना मोजलं तर तेच बारा व्होल्ट साडेनऊ-दहाला येऊन हेलकावे खात होते. अडॅप्टर उघडला. आउटपुटचा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कंडेन्सर दिसायला ठणठणीत, फुगलेला नाही, गळलेला नाही. मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) रेंजवर ८७० दाखवत होता. अशा कंडेन्सरला वीस टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे मीटरच्या मते तो पास. टेस्टरवर लावला तर कपॅसिटन्स जवळपास तितकाच, पण ईएसआर २.३ ओहम. त्याच मापाचा नवा, १०५ डिग्रीचा, लो-ईएसआर कंडेन्सर लावून पाहिला तर ०.०५.

कंडेन्सरच्या आतलं इलेक्ट्रोलाइट वाळत गेलं की ईएसआर वाढतो, आणि कपॅसिटन्स कमी व्हायच्या कितीतरी आधी वाढतो. मल्टीमीटर संथपणे चार्ज करून मोजतो, त्याला हे कळायचं कारण नाही. अडॅप्टरमध्ये मात्र याच कंडेन्सरमधून सेकंदाला हजारो वेळा करंटचे धक्के ये-जा करत असतात. एक अँपिअरचा धक्का २.३ ओहममधून गेला की दोन व्होल्टपेक्षा जास्त तिथेच खाल्ले जातात, आणि तेच हेलकावे पुढे बॉक्सला भोवतात. कंडेन्सर बदलला, बॉक्स सुरळीत. अडॅप्टर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात वर्षानुवर्षं तापत पडलेला होता. तापमान दहा डिग्रीने वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून हीटसिंकला चिकटून बसवलेला कंडेन्सर मी आधी काढतो.

किती ईएसआर म्हणजे वाईट, हे मापावर ठरतं. १००० मायक्रोफॅरडला अर्धा ओहमसुद्धा वाईटच, पण १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टच्या चिमुकल्याला दोन-तीन ओहम असले तर त्याचा तो स्वभाव आहे. त्याच मापाचा नवा कंडेन्सर शेजारी लावून बघावा, तक्ते पाठ करण्यापेक्षा हे बरं. टीव्हीच्या सप्लायमध्ये (वीज पुरवणाऱ्या भागात) पीडब्ल्यूएम आयसीला, म्हणजे सप्लाय चालवणाऱ्या चिपला, खेटून एक २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा छोटा कंडेन्सर असतो. तो वाळला की आयसीला सुरू व्हायला पुरेसं बळ मिळत नाही. मग सप्लाय टिकटिक करत राहतो किंवा मुकाट पडून असतो. टेस्टर आल्यापासून मी मेलेल्या सप्लायमध्ये फ्यूजनंतर आधी यालाच बघतो.

आमच्या चिपळूणच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणारे एक बुजुर्ग आहेत. त्यांना टेस्टर दाखवला तर म्हणाले, “अरे, चार रुपयांचा कंडेन्सर, तपासत काय बसतोस? सगळे बदलून टाक नि पुढचा सेट घे.” त्यांचं बरोबर आहे, त्यांच्याकडे रांग लागलेली असते. पण सगळे बदलताना एखादा उलटा बसू शकतो, जुन्या बोर्डाचे पॅड उखडतात, आणि नेमकं काय गेलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय नव्या मालातही रद्दी असते. स्वस्तात मागवलेल्या एका पाकिटातले नवेकोरे कंडेन्सर टेस्टरवर जुन्यांइतकेच वाईट निघाले. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर गेलो की आता टेस्टर खिशात असतो. दुकानदार पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालतात, मग स्वतःच दोन पार्ट पुढे करतात, “भाऊ, हे पण बघा जरा.”

इंडक्शन शेगडीच्या बाबतीत याचं दुसरं रूप दिसलं. शेगडीचा फ्यूज उडाला की बहुतेक वेळा आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असतो, आणि तो मीटरच्या बझरवरही कळतो. खरी पंचाईत नवा विकत घेतल्यावर. २० अँपिअर, १२०० व्होल्टचा नवा आयजीबीटी टेस्टरवर लावला तर स्क्रीनवर नुसता डायोड. दुकानदाराने फसवलं असं वाटावं! कारण साधं आहे. या आयजीबीटीचं गेट सुरू व्हायला साधारण पाच-सहा व्होल्ट लागतात आणि टेस्टरकडे मुळात पाचच आहेत. त्याला तो जागाच करता येत नाही, मग त्याच्या पोटातला डायोड तेवढा दिसतो. असे पार्ट यावर तपासून फेकून देऊ नका.

त्याच शेगडीत टेस्टर कामाला आला तो कॉइलजवळच्या पेटीसारख्या कंडेन्सरसाठी. त्यावर ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरड, १२०० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचं माप ढळलं की कॉइलबरोबरचा ताल बिघडतो आणि नवा आयजीबीटीही उडतो. नुसता आयजीबीटी बदलून “परत गेला, आता बोर्डच बदला” असं सांगणारे अनेक आहेत. पाचशेचा खर्च दोनदा करण्याआधी हा कंडेन्सर काढून मोजा.

अशीच गंमत ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सप्लायची. सेन्सरवर लागणारा जिन्यातला दिवा, रिमोटचा फॅन-रेग्युलेटर, रात्रीचा छोटा दिवा, यांत बहुतेकदा पिवळा किंवा निळा चौकोनी एक्स-२ कंडेन्सर थेट २३० व्होल्टला लावलेला असतो. ०.४७ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झला जेमतेम ३४ मिलीअँपिअर मिळतात, आणि त्यावर सगळा बोर्ड जगतो. लाइनवर मोठा झटका आला की या कंडेन्सरच्या आतली फिल्म तेवढ्या जागी जळून स्वतःला सांधते, शॉर्ट होत नाही. म्हणून तो सुरक्षित मानला जातो. पण दर वेळी थोडं माप कमी होतं. कोकणात पावसाळ्यात विजा किती पडतात आणि लाइट किती वेळा जाऊन परत येते, हे सांगायला नको. शेजारच्या काकूंच्या जिन्यातल्या दिव्याचा रिले नुसता तडतडायचा. कंडेन्सरवर छापलेलं ०.४७, टेस्टरवर ०.१५. बाकी बोर्ड निर्दोष. एवढं लक्षात ठेवा की असा सगळाच्या सगळा बोर्ड लाइनशी थेट जोडलेला असतो. प्लग काढल्याशिवाय त्याला बोट लावू नका, ‘५ व्होल्टचा तर भाग आहे’ म्हणूनही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. भरलेला कंडेन्सर या टेस्टरवर लावलात तर टेस्टर गेला. आतल्या कंट्रोलरला ५ व्होल्टच्या वर काही सोसत नाही. सप्लायच्या मुख्य कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं, आणि मेलेला सप्लाय चालत्यापेक्षा जास्त घातक. चालता सप्लाय बंद केल्यावर स्वतःच चार्ज खाऊन टाकतो. न सुरू होणारा मात्र तो तासन्‌तास धरून बसू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी सोडा. ४.७ किलो-ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या दोन वायरींना लावून ठेवा, कंडेन्सरच्या दोन्ही टोकांवर पाचेक सेकंद धरा, मग मीटरने डीसी व्होल्ट मोजा. शून्याच्या जवळ आलं की मगच टेस्टर.

बोर्डावर बसलेला पार्ट हा तपासू शकत नाही. शेजारचे रेझिस्टर, डायोड, कॉइल सगळं मिळून तो काहीतरी भलतंच नाव सांगतो. ईएसआरसाठीच बनवलेले वेगळे मीटर असतात. त्यांचं टेस्ट व्होल्टेज इतकं कमी असतं की बोर्डावरचे डायोड-ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, म्हणून ते पार्ट न काढता मोजतात. रोज दहा बोर्ड येत असतील तर ते घ्या. आणखी एक मर्यादा: ५ व्होल्टला ठीक दिसणारा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) ३०० व्होल्टला फुटू शकतो. टेस्टरने पास केलेल्या पार्टवर डोळे झाकून विश्वास नको. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लाइट मी नेहमी सिरीज बल्बमधूनच, म्हणजे लाइनच्या एका वायरीत मध्ये जोडलेल्या साध्या बल्बमधूनच देतो. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे आणि नवे पार्ट तरी वाचले.

किरकोळ तक्रारी. ९ व्होल्टची बॅटरी लवकर बसते. सॉकेटात आयजीबीटीचे जाड पाय शिरत नाहीत, म्हणून मी तीन छोट्या वायरी टाकून क्रोकोडाइल क्लिप लावल्या. वायरी लावल्या की कॅलिब्रेशन पुन्हा करायला हवं: तिन्ही टोकं एकत्र शॉर्ट करून बटण दाबायचं आणि स्क्रीन सांगेल तेव्हा सोडवायची. हे केलं नाही तर वायरीचा रेझिस्टन्स ईएसआरमध्ये मिसळतो आणि चांगले कंडेन्सर उगाच बदनाम होतात. आमच्याकडच्या दमट हवेत सॉकेटचे पत्रेही काळे पडतात. श्रावणात आकडे डळमळायला लागले होते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर जागेवर आले. उघड्या बोर्डासाठी अॅक्रिलिकचा डबा वेगळा मिळतो, तो घ्याच. मुंग्यांना इलेक्ट्रॉनिक्स फार आवडतं.

वॉशिंग मशीनच्या जेलमध्ये बुडवलेल्या बोर्डांना, पुराच्या पाण्यात राहून आयसीखाली गंजलेल्या बोर्डांना, मोबाइल-लॅपटॉपच्या तांदळाएवढ्या पार्टना याचा उपयोग जवळजवळ शून्य. अडॅप्टर, टीव्हीचा सप्लाय, शेगडी, राउटर, इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर असं घरगुती काम करणाऱ्याने मात्र जरूर घ्यावा. आज घ्यायचा असता तर मी टी४ऐवजी टीसी१ घेतला असता. थोडा महाग, पण बंद डब्यात येतो, चार्ज होणारी बॅटरी आहे, रिमोटचा सिग्नल ओळखतो. टी४ला पाच व्होल्टच्या वरचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) साधा डायोड वाटतो, टीसी१मध्ये त्यासाठी वेगळी भोकं आहेत. सप्लायच्या कामात १२, १५, १८ व्होल्टचे झेनर सारखे हाताखालून जातात, आणि तेवढ्यासाठी मला अजून जुनं बॅटरी-रेझिस्टरचं जुगाड वापरावं लागतं.