दांडिया बाजारातील जुने घर आणि परवानाधारक वायरमन : बडोद्यातील एक अनुभव

न्हाणीघरातील नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार आईने २०२४च्या ऑगस्टमध्ये प्रथम केली, तेव्हा तिच्या संधिवाताकडे बोट दाखवून आम्ही ती तीन दिवस उडवून लावली. चौथ्या दिवशी तो अनुभव मला स्वतःला आला. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतील आमचे घर दोन मजली, चुन्याच्या भिंतींचे आणि सागवानी पाटईचे आहे, आणि त्याच्या वायरिंगमध्ये तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या : वरच्या मजल्यावर लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली रबरी वेष्टनाची वायर, खाली वडिलांनी १९७८ साली करून घेतलेले ॲल्युमिनियमचे वायरिंग, आणि या दोन्हींना गेल्या वीस वर्षांत ज्याने त्याने सोयीप्रमाणे जोडलेले तांब्याचे फाटे.

प्रथम आम्ही नेहमीच्याच दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. तो तासाभरात तीनदा पडला, तेव्हा ‘हाच खराब निघाला’ असे म्हणून त्याने तो काढून टाकला, त्या जागी फक्त प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच वीज तोडणारा ३२ अँपिअरचा एमसीबी लावला आणि न्हाणीघरात रबरी चप्पल घालून जाण्याचा सल्ला दिला. त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण वर्षानुवर्षे आम्हीही त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली होती. मात्र त्यानंतर ज्यांना बोलावले, त्यांच्या कामाशी तुलना केल्याशिवाय या अभिप्रायाला अर्थ राहणार नाही.

हे दुसरे गृहस्थ आतेभावाच्या ओळखीतून मिळाले. त्यांनी तरसालीच्या आयटीआयमधून वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे, आणि राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाचे परमिट व कॉन्ट्रॅक्टरचा परवाना असे दोन्ही त्यांच्याकडे आहे. त्यांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्यांच्याच सांगण्यावरून येथे देत नाही; हातात आहे तेवढेच काम पुरे, असे त्यांचे म्हणणे आहे. फोनवर त्यांनी आधी दर सांगितला नाही, प्रश्न विचारले : घर किती जुने आहे, भिंती मातीच्या, चुन्याच्या की सिमेंटच्या, गळतीची वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, आणि नळाचे काम शेवटचे कधी झाले. हा शेवटचा प्रश्न ऐकून त्यांना प्लंबरच्या कामाशी काय देणे-घेणे, असे मला वाटले.

पाहणीचे ८०० रुपये त्यांनी आधीच सांगितले होते. ती पाहणी अडीच तास चालली आणि त्या वेळात त्यांनी भिंतीवर एकही घाव घातला नाही. गीझर चालू ठेवून त्यांनी नळ आणि जवळच्या सॉकेटची अर्थची पिन यांच्यातील दाब मोजला, तो शून्य आला. मग अंगणातील ओल्या मातीत लोखंडी खुंटी ठोकून ती आणि नळ यांच्यातील दाब मोजला, तो ७० व्होल्टच्या आसपास भरला. गीझर बंद करताच तोही गेला. उलगडा असा झाला की, आमच्या घराला अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा कधी नव्हताच. जुन्या पद्धतीप्रमाणे घरातील अर्थची तार जमिनीतून येणाऱ्या लोखंडी नळाला बांधलेली होती आणि तो नळच अर्थिंगचे काम करीत होता. २०१५ साली आम्ही फाटकापासून न्हाणीघरापर्यंतची गंजलेली नळी बदलून प्लॅस्टिकची घातली, आणि त्या दिवसापासून अर्थची तार जमिनीपासून तुटली. भिंतीतील लोखंडी तुकड्याशी मात्र ती जोडलेली राहिली. गीझरच्या एलिमेंटमधून होणारी थोडीशी गळती त्या तारेतून जमिनीत जाण्याऐवजी घरातील प्रत्येक नळावर आणि फ्रिजच्या पत्र्यावर येऊन थांबत होती. नऊ वर्षे आम्ही अर्थिंग आहे अशा समजुतीत राहिलो होतो. ज्यांच्या घरी पूर्वी लोखंडी नळ होते आणि आता प्लॅस्टिकचे आहेत, त्यांनी निदान एवढी गोष्ट तरी तपासून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वरच्या मजल्यावर त्यांनी मेगर, म्हणजे वायरीच्या वेष्टनाचा रोध मोजणारे यंत्र, लावला. ५०० व्होल्टच्या या चाचणीत नव्या वायरिंगचा रोध निदान १ मेगओहम यावा लागतो. आमच्या रबरी वायरीचा ०.१ आला, आणि छताच्या रोझपाशी ती वायर किंचित वाकवताच वेष्टनाचे पापडासारखे तुकडे गळून पडले. त्यांनी काही न बोलता वरच्या मजल्याच्या चिनी मातीच्या फ्यूजची वाटी उपसून खिशात घातली. काम होईपर्यंत ती त्यांच्याच खिशात राहिली, आणि मुलाने केलेल्या विनवण्यांचा त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही. अर्थिंगचा नवा खड्डा मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी केला आणि त्याचा रोध मोजून वहीत २.४ ओहम अशी नोंद केली. उरलेले काम गणपतीनंतर केले तरी चालेल, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. काय आज केलेच पाहिजे आणि काय थांबू शकते, हे सांगणारा कारागीर मला त्यापूर्वी भेटला नव्हता.

जुन्या घराच्या दृष्टीने त्यांच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे भिंतींविषयीची त्यांची समज. आजकाल नवे वायरिंग म्हणजे कटर मशीनने झिऱ्या मारून पाइप आत गाडणे, असेच गृहीत धरले जाते. चुन्याच्या गिलाव्यावर ते मशीन चालवले की हादऱ्याने शेजारचा गिलावा फोपशासारखा सुटतो, आणि झिरी सिमेंटने बुजवली तर भिंतीतील ओल त्या पट्ट्याजवळ अडकून वर्ष-दोन वर्षांत तेथे फुगवटा येतो. आमच्या बैठकीच्या खोलीत आजोबांच्या काळातील रंगीत वेलबुट्टीचा एक पट्टा शिल्लक आहे. त्या भिंतीला हात लावायचा नाही, हे मी सांगण्यापूर्वीच त्यांनी तिच्यावर खडूने फुली मारली होती. नवी वायर त्यांनी जुन्या लाकडी पट्ट्यांच्याच वाटेने, तुळईच्या बाजूने उघड्या पाइपातून नेली. जेथे ती पाटईतून वर जाते तेथे लोखंडी पाइप घातला, कारण सुक्या सागवानाला लागून वायर तापणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. झिरी फक्त न्हाणीघरात मारावी लागली. तीही त्यांनी छिन्नी-हातोडीने मारली आणि ती चुन्यानेच बुजवायला हवी म्हणून वेगळा गवंडी शोधायला लावला. हा गवंडी मिळवताना आमची बरीच पायपीट झाली, हे खरे. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूंची काळजी घेण्यास पुरातत्त्व खाते आहे. त्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरील आमच्यासारख्या घरांच्या भिंती मात्र येणाऱ्या कारागिराच्या मर्जीवर असतात.

वायरींच्या जाडीबाबत ते काटेकोर होते : दिव्यांसाठी १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ आणि दोन्ही एसींसाठी ४ चौरस मिलिमीटर, आणि त्या त्या वायरीला झेपेल एवढाच एमसीबी. आधीच्या ३२ अँपिअरच्या एमसीबीमागे दिव्यांची बारीक वायर होती. ती जळून गेली असती तरी एमसीबी पडला नसता. देवघरातील बोर्डामागे ॲल्युमिनियम आणि तांबे नुसते पिळून चिकटपट्टीने गुंडाळलेले होते, आणि तो जोड कोळसा झालेला होता. दोन धातू तापले की सारखे फुगत नाहीत, जोड सैल होतो, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड आणखी तापतो, असे त्यांनी तो तुकडा आईच्या हातात देऊन समजावले. आई गुजराती उत्तम बोलते, त्यामुळे त्यांच्या पुष्कळशा चर्चा माझ्याविनाच पार पडल्या.

नवा आरसीसीबी बसवल्यावर गंमत अशी झाली की, तोही पडू लागला. आधीच्या दुरुस्तीवाल्याचेच खरे होते की काय, अशी शंका मला आली आणि मी ती बोलूनही दाखवली. यांनी तो काढला नाही. एकेक सर्किट सोडून दिवसभर शोध घेतला. जिन्याचा दिवा खालून आणि वरून लागावा म्हणून कोणे एके काळी फेज, म्हणजे वीज आणणारी तार, खालच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, वरच्या सर्किटमधून घेतलेली होती, आणि जिन्यातील ती जुनी तार अजून बदलायची राहिली होती. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच आरसीसीबी वीज तोडतो. दिव्याचा परतीचा प्रवाह त्याच्यातून येतच नव्हता, म्हणून दिवा लावला की तो पडे. जिन्याला स्वतःचा न्यूट्रल मिळाल्यापासून तो एकदाही विनाकारण पडलेला नाही. त्या दिवसाची मजुरी त्यांनी वेगळी लावली नाही.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळणे हा यांचा गुण नव्हे. अकरा दिवसांचे काम पाच आठवडे चालले, आणि नवरात्रात तर ते गरब्याच्या मैदानांवरील रोषणाईच्या कामाला गेले ते थेट दसऱ्यानंतर उगवले. बडोद्यात राहणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवे होते, हे मान्य. पण त्यांनीही आधी सांगायला हवे होते. उघडे पाइप बैठकीच्या खोलीत माझ्या पत्नीला अजूनही खटकतात. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराचा धडा म्हणून तळमजल्याचे सगळे सॉकेट त्यांनी साडेतीन फुटांवर घेतले. आमच्या गल्लीत पाणी आले नव्हते, तरी ते ऐकेनात, आणि आता मिक्सरची वायर लोंबते. अंदाजपत्रक ९२,००० रुपयांचे होते, प्रत्यक्षात साहित्य ६८,४०० आणि मजुरी ३२,६०० मिळून १,०१,००० झाले, गवंड्याचे ११,००० निराळे. वाढीचा हिशेब मात्र त्यांनी पावत्यांसह दिला.

अशी सेवा घेताना आम्ही जे आधी केले नाही ते इतरांनी करावे. परमिट आणि परवाना प्रत्यक्ष पाहावा, त्यावरील मुदतीची तारीख वाचावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणे बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. मंजूर भार वाढवताना वीज कंपनीला द्यावा लागणारा टेस्ट रिपोर्टही त्याच्याच सहीचा लागतो. आमचा भार २ वरून ५ किलोवॉट करून घेताना हा कागद उपयोगी पडला. तुमच्याकडे मेगर आहे का, हा प्रश्न फोनवरच विचारावा. काम संपल्यावर सगळी मोजमापे लिहून मागावीत. यांनी ती न मागता दिली, आणि कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा याचा तक्ता डीबीच्या, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या पेटीच्या, दाराला आतून चिकटवला. तो गुजरातीत आहे, त्याखाली मी मराठी प्रत लावली आहे.

मागच्या अंगणातील पंपाच्या खोलीचे वायरिंग अजून राहिले आहे. ते काम त्यांनाच सांगितले असून त्यांनी उत्तरायणानंतरच्या आठवड्यातील तारीख दिली आहे, म्हणजे फेब्रुवारीत होईल असे आम्ही धरून चाललो आहोत.